चेहरा गेला, घर शाबूत!

रात्री साडेनऊनंतर बहिणीचा फोन आला, की आधी पोटात गोळा येतो आणि मग फोन उचलला जातो. परवा असाच फोन आला. नाशिकहून. आवाज रडवेला.

'दादा, अप्पांचा कॉम्प्युटर गेला रे!'

अप्पा म्हणजे तिचे सासरे. गेला तो कॉम्प्युटर, अप्पा ठणठणीत आहेत, एवढे कळल्यावर माझा जीव भांड्यात पडला. मी जरा हसूनच म्हणालो, 'अगं, मग होईल दुरुस्त. त्यात रडायचं काय?'

'दुरुस्तीवाला येऊन गेला. म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल, आतलं सगळं जाईल. अप्पा सकाळपासून जेवले नाहीत.'

माझे हसू तिथेच मावळले. अप्पांच्या त्या पेटीत काय आहे, हे मला ठाऊक होते.

अप्पा निवृत्त शिक्षक. वय पंचाहत्तर. नोकरीची पहिली वर्षे त्यांनी सिन्नर तालुक्यातल्या एका खेड्यात काढली. १९७२चा दुष्काळ त्यांनी तिथेच पाहिला. आईबाप खडी फोडायला गेलेले आणि पोरे शाळेच्या व्हरांड्यात सुकडीची वाट पाहत बसलेली. त्या पोरांची नावे, त्यांच्या वाड्या-वस्त्या, कोण पुढे काय झाला, कोण राहिलाच नाही, हे सगळे अप्पा दोन वर्षे रोज सकाळी सात ते नऊ टाइप करीत होते. स्वतः मराठी टाइपिंग शिकून! दोनशे चाळीस पाने झाली होती. त्यातल्या पहिल्या एकशेसाठ पानांची एक प्रत मुलाकडे होती. पुढची ऐंशी पाने मात्र फक्त त्या पेटीत. आणि दुष्काळ नेमका त्या ऐंशी पानांत होता.

मंडळी, आजचा आपला विषय हा असा एका घरातून आला आहे. लिनक्स हे नाव ऐकून पान उलटू नका. तुमच्या घरी लिनक्स नसेलही, पण 'फॉरमॅट मारावा लागेल' हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलेच असेल.

घडले काय होते?

अप्पांचा कॉम्प्युटर दहा वर्षांचा. त्यावर विंडोज-१० होते. त्याला मिळणारा कंपनीचा नेहमीचा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नवे विंडोज या जुन्या यंत्रावर चालेना. तेव्हा माझ्या भाच्याने, म्हणजे अप्पांच्या नातवाने, दिवाळीच्या सुट्टीत त्यावर लिनक्स बसवून दिले. पोरगा पुण्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. हातात कळा, डोक्यात किडे! बसवले तेही उत्तम. डेबियन नावाचे लिनक्स, फुकट आणि भरवशाचे. अप्पांची जुनी पाने त्यात नीट उतरवून दिली. अप्पा खूश.

फक्त यंत्र जरा रेंगाळायचे. कारण त्यावरचा डेस्कटॉप 'नोम' नावाचा, देखणा पण वजनदार. भाच्याने वाचले होते, की 'एक्सएफसीई' नावाचा डेस्कटॉप हलका असतो. परवा रविवारी तो घरी आला होता. रात्री सगळे झोपल्यावर त्याने ठरवले, की आधी जुने काढू, मग नवे आणू. आज्ञा दिली. नोम गेले. मग 'आता ज्याची गरज नाही तेही काढ' अशी दुसरी आज्ञा दिली. यंत्राने तीही इमानाने पाळली.

आणि मग पाहतो तर इंटरनेट बंद! वाय-फाय जोडून देणारा प्रोग्रॅम नोमच्या सोबतीने आला होता, तो नोमच्या सोबतीनेच गेला. आता नवा डेस्कटॉप आणायचा कुठून? भाड्याची नवी खोली मिळायच्या आत जुन्या खोलीची किल्ली मालकाला देऊन टाकावी, तसे झाले. पोराने घाबरून यंत्र बंद केले. वाटले, सकाळी आपोआप होईल ठीक. पहाटे साडेपाचच्या एसटीने तो पुण्याला निघून गेला. सात वाजता अप्पांनी चहाचा कप बाजूला ठेवून बटण दाबले.

काळा पडदा. वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीची एक ओळ आणि तिच्या पुढे लुकलुकणारी रेघ. बस्स!

चेहरा म्हणजे माणूस नव्हे

इथे थोडे थांबून एक गोष्ट समजून घेऊ, म्हणजे पुढचे सगळे सोपे होईल.

कॉम्प्युटर म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? मागचे चित्र, त्यावरची छोटी छोटी चिन्हे, खालची पट्टी, उघडणाऱ्या-मिटणाऱ्या खिडक्या. यालाच म्हणायचे डेस्कटॉप. आपण त्यालाच कॉम्प्युटर समजतो. पण लिनक्समध्ये हा डेस्कटॉप म्हणजे वरून चढवलेला चेहरा आहे.

इतिहासच तसा आहे. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा जगापुढे ठेवला. नोमच्या कामाला सुरुवात झाली १९९७ मध्ये. ती केली मिगेल द इकाझा आणि फेदेरिको मेना या दोन मेक्सिकन तरुणांनी. त्याच्या एकच वर्ष आधी, १९९६ मध्ये, जर्मनीत मथियास एट्रिश याने 'केडीई' हा दुसरा डेस्कटॉप हाती घेतला होता. म्हणजे लिनक्स आधी जन्मले, आज आपण पाहतो ते हे डेस्कटॉप काही वर्षांनी आले. म्हणूनच ते काढता येतात, बदलता येतात, एकाच यंत्रावर दोन-दोन ठेवताही येतात. आजही जगातले असंख्य लिनक्स सर्व्हर डेस्कटॉपशिवाय, नुसत्या काळ्या पडद्यावर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात.

आता त्या काळ्या पडद्यावरची ओळ काय होती पाहा. 'डेबियन लॉगिन'. म्हणजे यंत्र मेलेले नव्हतेच. ते दारात उभे राहून विचारत होते, 'कोण आलंय? नाव सांगा.' सकाळपासून ते विचारीत होते, आणि सगळे घर ते गेले म्हणून सुतकात बसले होते!

दुरुस्तीवाल्यालाही मी फार दोष देणार नाही. त्याचा रोजचा संबंध विंडोजशी. लिनक्सचा काळा पडदा पाहून त्याने त्याला माहीत असलेले औषध सांगितले. पण औषध घेतले असते तर काय झाले असते? डेस्कटॉप काढल्याने अप्पांच्या एकाही पानाला धक्का लागला नव्हता. फॉरमॅटने मात्र ती पाने खरोखरच गेली असती. दुखणे बरे होण्यासारखे आणि औषध जीवघेणे!

फोनवरून अक्षरे

'बटण बंद केलंय का?' मी विचारले.

'नाही, तसाच आहे सकाळपासून.'

'छान. अप्पांना फोन दे आणि कीबोर्डपुढे बसव.'

अप्पा आले. आवाज खोल गेलेला. मी म्हणालो, 'अप्पा, तुमची पाने आत आहेत असं मला नव्वद टक्के वाटतं. उरलेले दहा टक्के आपण दोघं मिळून बघू. मी एकेक अक्षर सांगतो, तुम्ही टाइप करा.' शिक्षकाला शुद्धलेखन घालण्याची वेळ माझ्यावर प्रथमच आली होती.

नाव टाइप झाले. मग पासवर्ड. आणि अप्पा ओरडले, 'अहो, अक्षरं उमटतच नाहीत! कीबोर्डही गेला!'

कीबोर्ड गेला नव्हता. लिनक्सच्या काळ्या पडद्यावर पासवर्ड टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. यंत्र ऐकत असते, पण दाखवत नाही. 'दिसलं नाही तरी टाइप करा आणि एंटर दाबा,' मी म्हणालो. दाबले. डॉलरचे चिन्ह आले. दार उघडले होते.

'आता एल, एस, एंटर.' ही आज्ञा म्हणजे 'इथे काय काय आहे ते दाखव.' फोल्डरची नावे आली, त्यात 'डॉक्युमेंट्स'ही होते. मग त्याच फोल्डरची तपशीलवार यादी मागवली. आणि फोनवर शांतता पसरली.

'अप्पा?'

'नावांच्या जागी नुसत्या चौकटी आल्यात हो. सगळं बिघडलंय.'

क्षणभर मीही चरकलो. मग आठवले. हा काळा पडदा मुळात इंग्रजीसारख्या लिप्यांसाठी केलेला. देवनागरी त्याला दाखवता येत नाही. अप्पांनी प्रत्येक प्रकरणाला मराठीत नाव दिले होते, म्हणून नावांच्या जागी चौकटी. 'अप्पा, नावं सोडा. त्याच ओळीत तारीख आणि आकडा आहे, तो वाचा.' अप्पांनी वाचले. तेवीस ओळी, म्हणजे तेवीस प्रकरणे. एकाही आकड्याच्या जागी शून्य नाही, म्हणजे एकही फाइल रिकामी नाही. शेवटची तारीख? रविवारची. त्या दिवशी सकाळी अप्पांनी शेवटचा परिच्छेद लिहिला होता.

'आहे म्हणता?' अप्पांनी हळूच विचारले.

'आहे,' मी म्हणालो. 'पण अजून जेवायला उठू नका. आधी ते बाहेर काढू.'

आधी माणसे, मग सामान

घराला आग लागली तर आपण आधी माणसे बाहेर काढतो, टीव्ही-कपाटाचे नंतर पाहतो. इथेही तसेच. डेस्कटॉप परत आणण्याची घाई करायची नाही. आधी पाने पेनड्राईव्हवर.

बहिणीने कपाटातून १६ जीबीचा पेनड्राईव्ह शोधून आणला. तो लावला. 'एल-एस-बी-एल-के' ही आज्ञा दिली की यंत्राला जोडलेल्या सगळ्या डिस्कची यादी आकारासह येते. मोठा आकडा घरच्या डिस्कचा, चौदाच्या आसपासचा आकडा पेनड्राईव्हचा. (१६ लिहिलेले असले तरी यंत्राच्या मोजणीत तो थोडा कमीच भरतो.) इथे घाई करू नये. कुठला कुठला हे दोनदा वाचून घ्यावे. मग पेनड्राईव्ह 'माउंट' करायचा, म्हणजे त्याला घरात बसायला जागा द्यायची. आणि अख्खे डॉक्युमेंट्स फोल्डर एका आज्ञेत त्यावर उतरवायचे. अख्खे फोल्डर घेतल्याचा फायदा हा, की आतली चौकटीवाली मराठी नावे टाइप करावी लागत नाहीत.

शेवटी 'सिंक' ही आज्ञा आणि मग 'अनमाउंट'. त्याशिवाय पेनड्राईव्ह उपसायचा नाही. कारण यंत्र पुष्कळदा लिहायचे काम मनात ठेवते आणि सवडीने उरकते. सिंक म्हणजे 'आत्ताच्या आत्ता लिही.'

पेनड्राईव्ह बहिणीच्या ऑफिसच्या लॅपटॉपला लावला. तिथे विंडोज होते, पण काही बिघडत नाही. चौकटींच्या जागी मराठी नावे दिसली. तिने सतरावे प्रकरण उघडले. ती मोठ्याने वाचू लागली, आणि दुसऱ्याच ओळीला तिच्याकडून फोन काढून घेऊन अप्पा म्हणाले, 'मिळालं हो. सगळी पोरं मिळाली.'

सव्वाअकरा वाजले होते. अप्पा जेवायला उठले.

यंत्राची रोजवही

डेस्कटॉप आणण्याचे काम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केले. आता घाई नव्हती, भीतीही नव्हती. पुण्याहून भाचाही फोनवर आला. पहिली पाच मिनिटे तो फक्त 'सॉरी मामा' म्हणत होता.

'नक्की काय काय काढलंस?' मी विचारले. त्याला सगळे आठवेना. आठवण्याची गरजही नव्हती. डेबियन आणि त्याच्या घराण्यातल्या उबंटू, मिंट वगैरे सगळ्या लिनक्समध्ये प्रोग्रॅम आणण्या-काढण्याचे काम 'ऍप्ट' नावाचा कारभारी करतो. हा कारभारी रोजवही लिहितो! कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठली आज्ञा आली, काय आले, काय गेले, सगळी नोंद. व्हार, लॉग, ऍप्ट अशा एकात एक फोल्डरमध्ये 'हिस्टरी डॉट लॉग' नावाने ती वही असते. अप्पांनी ती उघडली. रविवार, रात्रीची वेळ, खाली गेलेल्या प्रोग्रॅमची पानभर यादी. त्यात नोम होते, नाव विचारणारी देखणी खिडकी होती, वाय-फायचा जोडारी होता, आणि अप्पा ज्यात लिहितात ते लिब्रेऑफिससुद्धा होते. लिहायचा प्रोग्रॅम गेला होता, लिहिलेले मात्र जागेवर होते. लेखणी हरवली म्हणून वही हरवत नाही.

आता इंटरनेट. वाय-फायचा जोडारी नाही, तर साधी वायर. राउटर बाहेरच्या खोलीत टीव्हीजवळ. जावई आणि बहिणीने पेटी आणि मॉनिटर उचलून टीव्हीपाशी आणले. वायर जोडली. राउटरकडे पत्ता मागण्याची आज्ञा दिली, पत्ता मिळाला. मग ऍप्टला सांगितले, 'आधी नव्या याद्या आण.' आणि नंतर, 'एक्सएफसीईचा अख्खा संच आण.' डेबियनमध्ये असे संच तयार असतात. त्यात डेस्कटॉप, नाव विचारणारी खिडकी, वाय-फायचा जोडारी, लिब्रेऑफिस, सगळे एकदम येते. एकेक वस्तू आठवून मागवावी लागत नाही. शिध्यासारखे!

बराच वेळ ओळी सरकत राहिल्या. अप्पा खुर्ची टाकून पाहत बसले. मग यंत्र बंद करून चालू केले. पडद्यावर नाव विचारणारी खिडकी आली. आत गेल्यावर नवा, साधासुधा डेस्कटॉप. मागचे चित्र बदलले होते, पट्टी वर गेली होती. मराठी कळफलक पुन्हा जोडून द्यावा लागला. पण लिब्रेऑफिस उघडल्याबरोबर आधी उघडलेली प्रकरणे समोर हजर, कारण तीही आठवण अप्पांच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये होती, आणि त्याला कुणी हात लावला नव्हता. शिवाय यंत्र आता खरेच चपळ झाले होते. पोराचा हेतू चुकीचा नव्हता, क्रम चुकला होता.

मोठ्यांचेही असे होते

भाच्याला मी एक हकिगत सांगितली. कॅनडातला लिनस सेबॅस्टियन हा कॉम्प्युटरवरच्या व्हिडिओंसाठी जगभर माहीत असलेला माणूस. २०२१ मध्ये त्याने लिनक्स वापरून पाहायचे ठरवले. 'पॉप ओएस' नावाचे लिनक्स घेतले आणि त्यावर खेळांसाठीचा 'स्टीम' हा प्रोग्रॅम बसवायला गेला. त्या वेळी पॅकेजांच्या जुळणीत एक दोष होता. ऍप्टने पडद्यावर यादी दाखवली, हे हे काढावे लागेल, यात धोका आहे, तरीही करायचे असेल तर 'हो, मी सांगतो तसंच कर!' असे इंग्रजीत अक्षरशः टाइप करा. त्याने केले. आणि त्याचा अख्खा डेस्कटॉप गेला! कॅमेऱ्यापुढे!

लाखो लोकांनी ते पाहिले. काही हसले. पण पुढे ऍप्टमध्येच सुधारणा झाली. यंत्राचे मर्मस्थान असलेली पॅकेजे असे एक वाक्य टाइप करून सहजी काढता येऊ नयेत, अशी व्यवस्था करण्यात आली. चूक लपवली असती तर ती फक्त त्याची राहिली असती. उघड झाली म्हणून पुढच्यांचा रस्ता सुधारला.

अप्पांना ही गोष्ट आवडली असावी. शनिवारी नातू घरी आला, तेव्हा अप्पांनी त्याच्यापुढे शंभर पानी वही ठेवली. म्हणाले, 'यंत्राची रोजवही यंत्र लिहितं. आपली आपण लिहायची. काय केलंस, का केलंस, काय बिघडलं, कसं सुधारलं. आजपासून माझ्या कॉम्प्युटरला हात लावलास, की आधी इथे तारीख घाल.' पोराने निमूटपणे तारीख घातली. बहीण सांगत होती, की पहिले पान लिहून झाल्यावर अप्पांनी ते तपासून दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले.

आणि अप्पांनी स्वतःलाही शिस्त लावून घेतली. आता रोज सकाळी नऊ वाजता, लिहिणे संपले की पेनड्राईव्ह लावायचा, प्रत उतरवायची, पेनड्राईव्ह काढून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवायचा. सध्या अठरावे प्रकरण चालू आहे.

कापून कपाटाच्या दाराला चिकटवा

० काळ्या पडद्यावर 'लॉगिन' दिसले, तर यंत्र जिवंत आहे. पडदा कोराच असेल, तर कंट्रोल, आल्ट आणि एफ-३ या तीन कळा एकदम दाबून पाहा.

० पासवर्ड टाइप करताना काही दिसत नाही. घाबरू नका.

० मराठी नावांच्या जागी चौकटी दिसल्या, तरी फाइल बिघडलेली नसते. आकार आणि तारीख पाहा.

० आधी प्रत काढा, नंतर दुरुस्ती. 'सिंक' आणि 'अनमाउंट' झाल्याशिवाय पेनड्राईव्ह उपसू नका.

० इंटरनेटसाठी वायर वापरा.

० डेस्कटॉपचा अख्खा संच मागवा. डेबियनवर एक्सएफसीईसाठी 'टास्क-एक्सएफसीई-डेस्कटॉप', उबंटूवर 'उबंटू-डेस्कटॉप', मिंटच्या सिनॅमन आवृत्तीवर 'मिंट-मेटा-सिनॅमन'.

० लॉगिनपर्यंतही पोहोचता येत नसेल, तर लिनक्सच्या 'लाइव्ह' पेनड्राईव्हवरून यंत्र सुरू करा. घरची डिस्क त्यातूनही वाचता येते, प्रत काढता येते. डिस्क कुलूपबंद केली असेल, तर तिचा पासवर्ड मात्र हवा.

० डेस्कटॉप बदलायचा असेल, तर नवा आधी आणा, त्यात शिरून दोन दिवस काम करा, मगच जुना काढा. काढताना ऍप्ट 'हे हे जाईल' अशी यादी दाखवतो. ती शेवटपर्यंत वाचा आणि मगच 'हो' म्हणा.

० आणि कुणी 'फॉरमॅट मारावा लागेल' म्हणाले, तर एकच प्रश्न विचारा: 'आधी आतलं बाहेर काढून द्याल का?'